अक्काचे इसम

अक्काच्या जगात माणसं नव्हती, इसम होते. माझा नवरा म्हणजे ‘तुझा इसम’. दूध घालणारा ‘सकाळचा इसम’, भाजीवाली ‘महिला इसम’, आणि कॉलनीत नवा भाडेकरू आला की ओळख पटेपर्यंत तो ‘संशयित इसम’. ओळख पटली की त्याची बढती होऊन तो ‘सदर इसम’ व्हायचा.

तिचा नवरा पोलीस हवालदार होता. त्याचं निम्मं आयुष्य पंचनामे लिहिण्यात गेलं, आणि लिहिताना त्याला मोठ्यानं वाचायची सवय होती. पोलीस लाइनीतल्या त्या लहानशा खोलीत भाकरी थापता थापता अक्काच्या कानावर वर्षानुवर्षं तीच भाषा पडत राहिली. घरात ती कन्नड बोलायची, बाजारात सोलापुरी मराठी, आणि काही गंभीर घडलं की पंचनाम्याची मराठी. एकदा माझ्याकडं दूध उतू गेलं. मी फडकं शोधत होते, तोवर अक्का हात मागं बांधून ओट्यापुढं उभी राहिली.

“गॅस चालू स्थितीत मिळून आला. दूध पातेल्याच्या दक्षिण बाजूनं उतू गेलेलं. सदर महिला खिडकीतून बाहेर बघत असल्याचं दिसून येतं.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “काय बगत हुतीस गं?”

मी काहीच बघत नव्हते. मला आईची आठवण येत होती. अक्कानं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिनं ओटा पुसला, उरलेल्या दुधाचा चहा केला आणि संध्याकाळी माझा इसम घरी येईपर्यंत ती हलली नाही.

लग्न होऊन मी जुळे सोलापुरात आले तेव्हा या शहरात माझं कुणी नव्हतं. माहेर नाशिककडं. सासू-सासरे मंद्रूपला, शेतीवर. नवरा टेंभुर्णीजवळच्या साखर कारखान्यात. सकाळी उजाडता उजाडता त्याची बस, आणि परत यायला दिवेलागण. मधला सगळा दिवस मी, बंद दार आणि बाहेर ते ऊन. कॉलनी नवीनच. अर्धे प्लॉट रिकामे, बाभळी वाढलेल्या. शेजारी नोकरदार, दिवसभर कुलपं. दुपारी रस्त्यावरून रिक्षा गेली तरी मी पडदा सारून बघायचे.

अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात उंच, सडपातळ बाई. इरकली साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कापडी पिशवी.

“ओळखलं न्हाईस व्हय? मी तुझ्या सासूची मावसबहीण, मंद्रूपची. लग्नात तुझ्या मागंच बसले हुते की!”

लग्नात माझ्या मागं कोण बसलं होतं ते मला कसं ठाऊक असणार? वर तिनं विचारलं, “तिचा गुडघा कसा हाय आता? डावा गं.” सासूबाईंचा डावा गुडघा खरंच दुखत होता. मी वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि चहा टाकायला आत गेले. किती दिवसांनी घरात कुणीतरी आलं होतं. मी आलंसुद्धा किसून घातलं.

चहा घेऊन बाहेर आले तर हॉल रिकामा. सोफ्यावरचा मोबाइल नाही. खुंटीची पर्स नाही. टीव्हीजवळ ठेवलेलं नवऱ्याचं घड्याळ नाही. मी ट्रे हातात धरून तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले.

बाहेरून आवाज आला, “रडू नको. चहा हितं आण. आन् साकर कमी घातलीस न्हवं?”

ती पायरीवर बसली होती. पदरात मोबाइल, पर्स, घड्याळ. एकेक वस्तू माझ्या हातात देऊन तिनं मला पर्स उघडून बघायला लावली. मग सांगितलं, की ती मंद्रूपची नाही, मागच्या गल्लीतली आहे. पोलीस ठाण्याच्या दक्षता समितीची ती इथली प्रमुख. नवीन बाई राहायला आली की ती एकदा अशी येतेच.

“मी चोर असते तर आत्ता विजापूर रोडला लागले असते,” ती बशीत चहा ओतत म्हणाली.

“पण सासूबाईंचा गुडघा तुम्हाला कसा कळला?”

“तू दूधवाल्याला सांगितलंस, दूधवाल्यानं मला.”

मला इतका राग आला की मी तिला म्हणाले, “तुम्हाला लाज वाटत नाही का?”

“वाटती की,” ती शांतपणे म्हणाली. “पर तू आता जन्मात इसरायची न्हाईस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बेल. अक्काच. हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. “आज खरी आलेय,” म्हणाली आणि आत येऊन पंख्याखाली बसली. त्यानंतर ती रोज येत राहिली. माझ्या त्या पहिल्या वर्षातली जी काही आठवण काढावी तिच्यात अक्का कुठंतरी बसलेलीच असते, शेंगा फोडत, नाहीतर माझ्या भाकरीला नावं ठेवत.

कॉलनीतल्या प्रत्येक बाईला तिनं असंच लुटलं होतं. कुणाकडं गॅसची शेगडी तपासायला आलेय असं सांगून, कुणाकडं मुलाच्या शाळेतली बाई म्हणून. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींकडं ती दुरुस्ती केंद्रातून आले म्हणून गेली, आणि वहिनींनी आपला मिक्सर स्वतःच्या हातानं पिशवीत भरून तिला फाटकापर्यंत पोचवला. तेव्हापासून दोघींची गट्टी. संध्याकाळी दोघी महादेवाच्या देवळात एकत्र जायच्या आणि वाटेत वहिनी भेटेल त्याला मिक्सरची गोष्ट सांगायच्या, जणू काही त्यांचा सत्कार झाला होता.

आमच्या बीटचे हवालदार या प्रकारानं हैराण होते. ते लहानपणी त्याच पोलीस लाइनीत वाढलेले, अक्काच्या हातचं खाल्लेले. कळवळून म्हणायचे, “अक्का, उद्या कुणी तुमचीच तक्रार केली तर मला तुम्हाला ठाण्यात न्यावं लागेल.”

“ने की. तुझी आई आन् मी एका नळावर भांडलोय. ठाणं काय, माहेरच हाय मला.”

या बाईच्या स्वतःच्या घराचं दार मात्र सताड उघडं असायचं. दिवसभर. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडं न्यायला काय हाय? आन् मी दार लावलं तर तुमी येणार कुटनं?” नवरा नोकरीत असतानाच आजारानं गेला. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर गणवेशातला त्याचा फोटो, खाली पितळी घंगाळ, एक लोखंडी पलंग. आल्या-गेल्याला ती त्या फोटोशी ओळख करून द्यायची. “ह्ये आमचे साहेब.” हवालदाराच्या वर ते कधी चढले नाहीत, पण तिचे साहेब तेच.

समितीची बैठक ती पाणी यायच्या दिवशी ठेवायची. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी कुणी घर सोडत नाही. “पाण्याच्या दिवशी चोरसुदिक घरीच असतो, पाणी भरत,” असं तिचं म्हणणं. पाइप टाकीत सोडून बायका तिच्या अंगणात जमायच्या. कुणाची टाकी भरली की वरून पाणी सांडल्याचा आवाज यायचा, ती बाई पळत जायची, आणि अक्का ती परत येईपर्यंत वाक्य तिथंच धरून ठेवायची.

एकदा ठाण्याचे मोठे साहेब आले. नवीनच बदलून आलेले. त्यांनी छान भाषण केलं, अनोळखी माणसाला ओळखपत्र बघितल्याशिवाय घरात घेऊ नका म्हणाले. अक्का उभी राहिली.

“साहेब, तुमाला तरी हितं कोण ओळखतं? गणवेश काय, नाटकाच्या दुकानात भाड्यानं मिळतो.”

हवालदारांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी हसत खिशातून ओळखपत्र काढलं आणि अंगणात फिरून प्रत्येक बाईला दाखवलं. अक्कानं ते हातात घेऊन फोटो आणि तोंड दोनदा ताडून बघितलं. “सदर इसम बरोबर हाय,” म्हणाली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण तिनं शिकवलेलं माझ्या कामाला आलं. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणत दोन तरुण आले. गोड बोलणारे, ‘ताई, ताई’ करणारे. पूर्वीची मी असते तर बांगड्या काढून दिल्या असत्या. मी जाळीचं दार न उघडता त्यांच्याशी गप्पा मारत राहिले, गाव कुठलं, पावडर कसली, आणि पाठीमागं धरलेल्या मोबाइलवरून अक्काला मिस्ड कॉल दिला. पाच-दहा मिनिटांत हवालदार मोटारसायकलवर हजर. ते दोघं पुढं पलीकडच्या नगरातल्या एका म्हातारीच्या पाटल्या न्यायच्या बेतात होते, असं हवालदार म्हणाले; त्यांच्या पिशवीत तिच्याही घराचा पत्ता सापडला होता. अक्कानं त्या दिवशी हुग्गी केली, खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. मला शेजारी बसवून वाढली. तूप घालताना तिचा हात थांबेना. “आमच्या साहेबाला सांगितलं मी,” ती फोटोकडं बघत म्हणाली, “पोरगी तयार झाली म्हणून.”

मी त्या शहरात पहिल्यांदा निर्धास्त झोपले ती त्या दिवशी.

मग तो उन्हाळा आला. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरायला लागले. कुठले, कधीचे, कुणाला माहीत नाही. वहिनींच्या मुलानं कॉलनीचा एक ग्रुप बनवला होता. मुलगा इंजिनिअर, चांगला, मदतीला धावणारा, पासपोर्टच्या तयारीत असलेला. ग्रुपवर रोज नवं काहीतरी यायचं आणि खाली वीस हात जोडलेले. शाळेला सुट्ट्या होत्या, तरी मुलं अंगणाबाहेर दिसेनात. हवालदार घरोघरी सांगून गेले की या अफवा आहेत, खरं असेल ते आम्ही कळवू. लोक हो हो म्हणाले.

त्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. ग्रुपवर वहिनींनी फोटो टाकला होता. त्यांच्या फाटकाबाहेर उभा एक म्हातारा, धोतर, डोक्याला टॉवेल, पाठीवर पोतं, आणि हाताला धरलेली चार-पाच वर्षांची रडणारी मुलगी. खाली लिहिलेलं, ‘संशयित इसम. मुलगी त्याची वाटत नाही. मराठी येत नाही. मुलीची आई इथं राहते असं काहीतरी सांगतोय. सावध.’

वहिनींनी जे केलं ते अक्कानं शिकवलं होतं तसंच केलं होतं. दार उघडलं नाही, फोटो काढला, सगळ्यांना कळवलं.

मी पायात चप्पल घालून रस्त्यावर आले तेव्हा कोपऱ्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती. त्यातली निम्मी मी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. म्हातारा मधोमध जमिनीवर बसलेला. त्याचं पोतं उपसलेलं, त्यातल्या शेंगा आणि एक लहान झबलं धुळीत पडलेलं. कपाळावरून रक्त वाहत होतं. वहिनींचा मुलगा हातात क्रिकेटची बॅट घेऊन त्याच्यासमोर उभा. त्याचा चेहरा मला ओळखू येईना. कुणीतरी मुलीला ओढून बाजूला काढलं होतं आणि ती किंचाळत होती.

अक्का कुठून आली मला कळलं नाही. गर्दी फोडून ती आत शिरली आणि सरळ म्हाताऱ्याशेजारी मातीत बसली. मुलीला जवळ घेऊन तिनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मुलगी हुंदके देत म्हणाली, “नम्म अज्जा.” एवढं मलाही कळलं. आमचा आजोबा.

अक्कानं म्हाताऱ्यालाही कन्नडमध्ये दोन-चार प्रश्न विचारले, मग मुलीला उचलून माझ्याकडं दिलं. “घरात ने हिला.” मुलीनं माझ्या मानेत नखं रुतवली. तिचा फ्रॉक ओला झाला होता. मी घरात गेले नाही. जाताच आलं नाही, मागं माणसं दाटली होती. मी अक्काच्या पाठीला लागून उभी राहिले.

“अक्का, बाजूला व्हा,” मुलगा म्हणाला.

“ह्याची लेक हितं बांधकामावर हाय. पोरगी आईसाठी झुरती म्हणून गावाकडनं घेऊन आलाय. बांधकाम कुटलं, ते ह्याला सापडत न्हाय.”

“असंच सांगतात, अक्का! तुम्हीच शिकवलंय की, नातं सांगून येतात म्हणून!”

मागून चार-पाच जण ओरडले, “बरोबर आहे! अक्कांनीच सांगितलंय!”

मी अक्काचा चेहरा बघू शकत नव्हते. पण तिची पाठ एकदम ताठ झालेली मला जाणवली. ती उठून उभी राहिली.

“व्हय, मीच शिकवलं. मग आधी मला हाणा. हितल्या दर घरात खोटं नातं सांगून शिरलेली बाई मी हाय. तुझ्या आईचा मिक्सर मी नेला. ह्या पोरीची पर्स मी नेली. मला खुर्ची दिली तुमी, चहा पाजला. आन् ह्यो म्हातारा काय बोलतोय ते तुमाला कळंना म्हणून त्याला बॅट?”

“तो खोटं बोलत असेल तर?”

“असंल की खोटं. त्याच्यासाठी ठाणं हाय. जिता राहिला तर खरं-खोटं कळंल. मेला तर काय कळणार हाय तुला?”

कुणीतरी मागून ढकललं. गर्दी पुढं सरकली आणि त्या गोंधळात बॅट पुन्हा फिरली. ती म्हाताऱ्याला लागली नाही, अक्काच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अक्का ओरडली नाही. ती फक्त त्या मुलाकडं बघत राहिली. त्याच्या हातून बॅट गळून पडली आणि तो खाली बसून ढसाढसा रडायला लागला. गर्दीतली ती अनोळखी निम्मी माणसं बघता बघता पांगली. हवालदार आले तेव्हा रस्त्यात आम्ही मोजकेच उरलो होतो.

मुलीची आई संध्याकाळच्या आत सापडली. आमच्या मागच्याच नगरात, पाण्याच्या टाकीपलीकडं, एका इमारतीवर ती घमेली वाहत होती. ठाण्यात धावत आली तेव्हा तिच्या केसांत सिमेंट होतं. तिनं आधी मुलीला छातीशी धरलं, मग बापाच्या दंडावर एक जोराची चापट मारली आणि त्याच दंडावर डोकं ठेवून रडली. म्हातारा कपाळावरची पट्टी सांभाळत तिला कन्नडमध्ये समजावत राहिला. हवालदार तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होते.

म्हाताऱ्याला तक्रार नको होती. त्याला गावाकडची बस हवी होती. अक्का प्लास्टर घालून घेतलेला हात गळ्यात अडकवून बाकावर बसली होती. ती म्हणाली, “मी देते जबाब.”

“अक्का,” हवालदार हळू आवाजात म्हणाले, “कॉलनीतलंच पोरगं आहे.”

“मला ठाव हाय कुटलं हाय. लिव. माझ्या हाताचं सोड, तो चुकून लागला. म्हाताऱ्याच्या कपाळाचं लिव. ते चुकून न्हाय लागलं.”

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. मी तिथंच होते, अक्काची वेणी घालत होते, एका हातानं तिला जमत नव्हतं. वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

“अक्का, पोराचं परदेशाचं चाललंय. पोलिसांचा दाखला अडला तर आयुष्य जाईल त्याचं. तुम्ही जबाब मागं घ्या. मी पाया पडते.”

“पाया कशाला पडतीस? बस.”

“तुमच्या घरचा असता तर दिला असता का जबाब?”

“तुझं पोरगं काल खुनी व्हायचं राहिलंय गं,” अक्का म्हणाली. “थोडक्यात राहिलंय. त्याला कुणीतरी सांगाया नको?”

वहिनी बसल्या नाहीत. त्या गेल्या, आणि त्यानंतर दोघी देवळात एकत्र गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. प्रकरण पुढं मिटलं. म्हाताऱ्यानंच कोर्टात सांगितलं की पोरगा लहान आहे, माझी काही तक्रार नाही. मुलाला परदेशी जायला उशीर झाला, पण जाता आलं. अक्काशी बोलणं मात्र कॉलनीनं हळूहळू सोडलं. आपल्यातल्या पोराचं नाव ठाण्यात दिलं, हे लोकांना गिळवलं नाही.

पाण्याच्या दिवशी ती अंगणात खुर्च्या मांडायची. मी असायचे, हवालदार येऊन जायचे, एखादी बाई लांबून डोकावायची. पहिल्याच बैठकीला त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर अक्का म्हणाली, “मी तुमाला अर्धंच शिकवलं.” खोटं नातं सांगून घरात शिरणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. घरासमोरच्या लिंबाखाली तिनं एक रांजण भरून ठेवला, बाकडं टाकलं. पत्ता शोधत कुणी आला तर त्याला माझ्याकडं पाठवा, मी आधी पाणी देईन, मग नाव-गाव विचारीन, आणि वाटलं तर हवालदाराला बोलवीन, असं तिनं घरोघरी जाऊन सांगितलं. काहींनी दार उघडलंच नाही. पण उन्हाळ्यात त्या बाकड्यावर कुरिअरवाले, मीटर बघणारे, भंगार गोळा करणाऱ्या बाया बसलेल्या दिसायच्या, आणि अक्का त्यांच्यामध्ये, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाच्या बैलाला काय झालं ते ऐकत. इसम हा शब्द तिच्या तोंडून मग फारसा ऐकू आला नाही.

पुढं तिचे गुडघे गेले. अक्कलकोटच्या पलीकडं, तिच्या माहेरच्या गावी पुतण्या होता, तो न्यायला आला. टेम्पोत सामान चढवायला मी आणि माझा नवरा होतो. लोखंडी पलंग उचलेना. तेवढ्यात सुट्टीवर आलेला वहिनींचा मुलगा बंगल्यातून बाहेर आला आणि त्यानं पलंगाचं दुसरं टोक धरलं. वहिनी गच्चीवर उभ्या होत्या, खाली आल्या नाहीत.

“वाकून उचल,” अक्का त्याला म्हणाली, “पाठ धरंल.”

त्यानं मान हलवली. घंगाळ, पेट्या, सगळं त्यानं चढवलं. साहेबांचा फोटो तिनं मांडीवर घेतला.

अक्का वारली त्याला आता दोन वर्षं होतील. फोन आला तेव्हा माझ्या दारात सगळ्यात आधी वहिनी आल्या. बराच वेळ बसल्या. पाणी मागितलं, प्यायल्या, आणि म्हणाल्या, “मी फोन करणार होते गं. रोज वाटायचं, उद्या करू.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

आता कॉलनीच्या दोन्ही टोकांना कॅमेरे आहेत. समितीही आहे, मी तिच्यात आहे, बैठकीला लोक येतातही. तरी दुपारी कामं आटोपली की मला अजून चाहूल लागल्यासारखं होतं. मी जाऊन जाळीतून बघते. रस्ता रिकामा असतो.

तिच्या गावाला मी शेवटची गेले तो हुरड्याचा मोसम होता. दिवसभर आम्ही दोघी तिच्या पुतण्याच्या पडवीत उन्हाला पाय करून बसलो. तिला ऐकू कमी यायचं, बोलणं मात्र पूर्वीसारखंच. मधेच ती म्हणाली, “त्या दिवशी मला लई भ्या वाटलं हुतं.”

“तुम्हाला?”

“पाय लटालटा कापत हुते. इरकल हुतं म्हणून दिसलं न्हाय कुणाला. म्हणलं पळावं हितनं. पर माझ्या मागं तू हुतीस, त्या लेकराला घेऊन. तुझा श्वास माझ्या मानंला लागत हुता. मी हलले असते तर म्होरं तू येत हुतीस.” तिनं कणसातले चार दाणे माझ्या हातावर ठेवले. “म्हणून न्हाय हलले.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिच्या आडोशाला उभी होते. दाणे हातात तसेच राहिले.

परतीची एसटी फाट्यावर यायची. नको नको म्हणत असताना ती काठी टेकत फाट्यापर्यंत आली. बस आली तशी तिनं काठीनं दार अडवलं आणि कंडक्टरला म्हणाली, “हिला खिडकीला बसवा. सावलीच्या बाजूला. माझी हाय ती.”

कंडक्टरनं एका पोराला उठवून मला जागा करून दिली. बस सुटली. मी मान वळवून बघितलं. अक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिच्या मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन हॉर्न देत होता. मागं न बघता तिनं त्याला हात दाखवून थांबवलं, आणि आमची बस वळणाआड जाईपर्यंत तो हात तिनं खाली घेतला नाही.